जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे ट्रान्समिशन ऑइल बदलणे

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन व गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहाने जोडणारा भाग) असलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील जुने तेल काढून नवे भरण्याचे काम. हे तेल (एटीएफ) नुसते वंगण नव्हे. त्याच्या दाबाने आतले क्लच पकडतात, त्याच्या प्रवाहातून इंजिनाची ताकद चाकांकडे जाते आणि गिअरबॉक्सची उष्णताही तेच बाहेर नेते. एएमटी (साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने चालवणाऱ्या) गाड्यांना ही नोंद लागू नाही, सीव्हीटीचे (पट्टा-पुलीच्या गिअरबॉक्सचे) तेलही वेगळे असते.

तेलाचा खरा शत्रू उष्णता. इंदुरात राजवाडा, जेल रोडच्या गर्दीत गाडी थांबत-सरकत चालते तेव्हा कन्व्हर्टरमध्ये घसरण जास्त होऊन तेल तापते. मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेलेला असताना भरलेली गाडी धुळ्याकडे नेली, तर परतीला सेंधव्याजवळचा बिजासन घाट चढावा लागतो. अशा वापरात 40,000 किलोमीटर किंवा तीन-चार वर्षे ही मुदत धरावी. काही कंपन्या ‘आयुष्यभराचे तेल’ म्हणतात. जुनी गाडी टिकवायची असेल तर त्यावर विसंबू नये.

तेलाची जात गाडीच्या पुस्तकात पाहूनच घ्यावी. जुन्या ह्युंदाईंना बहुधा एसपी-थ्री, अनेक टोयोटांना टी-फोर लागते. होंडाच्या झेड-वनची जागा डीडब्ल्यू-वनने घेतली आहे. रंग लाल आहे म्हणून कोणतेही तेल चालत नाही. घर्षणाचे गुण जुळले नाहीत तर गिअर बदलताना झटके बसतात किंवा क्लच घसरतात.

तळाचा, तेल काढण्याचा ड्रेन बोल्ट उघडल्यावर सगळे तेल निघत नाही, हे या कामातले मुख्य सूत्र. एकूण 6 लिटर असेल तर सुमारे 3 लिटर बाहेर येते, उरलेले कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वळवणारा भाग) आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत राहते. म्हणून काढणे-भरणे दोन-तीनदा करतात, मध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालवतात. निम्मे तेल दर वेळी निघाले तर पहिल्या फेरीनंतर 50, दुसरीनंतर 75 आणि तिसरीनंतर सुमारे 87 टक्के तेल नवे होते. फार चाललेल्या गाडीला दाबाच्या मशीनने फ्लश करण्यापेक्षा हीच पद्धत बरी.

गाडी थोडी चालवून, कोमट तेलावर काम करावे. उकळत्या तेलाने हात भाजतो. गाडी सपाट जागी स्टँडवर घ्यावी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. निघालेले तेल मापाच्या भांड्यात धरावे व तेवढेच नवे नरसाळ्याने डिपस्टिकच्या (तेलाची पातळी मोजण्याच्या पट्टीच्या) नळीतून किंवा भरण्याच्या तोंडातून घालावे. बोल्टला दर वेळी नवा वॉशर लावावा. ॲल्युमिनियमचे आटे जास्त आवळले की जातात. चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची थाळी) खोलता येत असेल तर फिल्टर व गॅस्केट बदलावे आणि आतले चुंबक पुसावे. चुंबकावरचा करडा चिकट लेप नेहमीचा; धातूचे तुकडे मात्र बिघाड सांगतात.

पातळी तपासण्याची रीत गाडीगणिक बदलते. टोयोटात इंजिन चालू ठेवून, सर्व गिअर फिरवून ‘पी’मध्ये (पार्क) तपासतात. अनेक होंडांमध्ये गरम इंजिन बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत पाहायचे असते. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे ठराविक तापमानाला पातळीच्या बोल्टमधून जादा तेल सांडू देतात. तापल्यावर तेल फुगते, म्हणून तेल थंड असताना ‘हॉट’ खूण फसवी. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो व गिअर उशिरा लागतो. जास्त झाले तर फिरणारे भाग त्याला घुसळून फेस करतात आणि दाब पडतो.

तेल गुलाबी दुधाळ दिसले तर बहुधा रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) मिसळले आहे. आधी गळती, मग तेल. काळे, जळका वास येणारे व बारीक कण असलेले तेल क्लच झिजल्याची खूण. असा गिअरबॉक्स तेल बदलल्यावर घसरू लागला की दोष नव्या तेलावर येतो, पण झीज आधीच झालेली असते. घसरण सुरूच असेल तर आधी दुरुस्तीचा अंदाज घ्यावा. वापरलेले तेल केंद्राच्या 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते; ते नालीत न ओतता बंद कॅनमध्ये अधिकृत पुनर्प्रक्रियादाराकडे पोहोचवावे.