मूल्यशिक्षणाची पार्श्वभूमी : पंगत, प्रतिज्ञा आणि परिपाठ

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. मुलांनी गुण्यागोविंदाने राहावं म्हणून शाळेने जे काही करायचं ते एवढ्या वेळात उरकतं, असा आपला समज होऊन बसलाय. पण मूल्यं 'सांगण्याची' ही रीत रुळण्याच्या आधी ती अंगवळणी पाडण्याचे प्रयत्न झाले होते. माझ्या मते ते जास्त धाडसाचे होते.

शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवायचा हुकूम काढला. त्याच वर्षी कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातिधर्मांची पोरं एका छपराखाली राहायची, कामं वाटून करायची आणि एका पंगतीला जेवायची. ज्या काळात नुसत्या शिवण्याने विटाळ होई, त्या काळात शेजारच्या ताटात कोण जेवतंय ही साधी गोष्ट नव्हती. पैशाची तर कायमच ओढाताण. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. समतेसाठी वेगळा तास ठेवायची तिथे गरजच नव्हती. पीठ कोण मळणार आणि पाणी कोण भरणार, यातच तो तास होऊन जायचा.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न सरकारदरबारी गेला आणि त्याची भाषा बदलली. संविधानाच्या अनुच्छेद २८ ने संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणाला मनाई केली. मग नीती शिकवायची ती कशाच्या आधारावर? राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) रोज काही मिनिटं मौन आणि थोरांची चरित्रं सुचवली. पुढे श्रीप्रकाश समितीने याच विषयावर १९६० मध्ये अहवाल दिला. अध्यक्ष श्रीप्रकाश तेव्हा आपल्याकडचेच राज्यपाल होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) आठवड्याला एक-दोन तास राखून ठेवा म्हटलं. थोडक्यात, समित्या बदलल्या तरी उत्तर वेळापत्रकातच शोधलं गेलं.

प्रतिज्ञा याच काळातली. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने १९६२ मध्ये लिहिली. ते विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर प्रतिज्ञा वर्षानुवर्षं छापली जाते, पण लिहिणाऱ्याचं नाव किती शिक्षकांना ठाऊक असेल?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक, म्हणजे देशभरच्या अभ्यासक्रमात समान असायचे विषय, दिले. नव्वदच्या दशकात महाराष्ट्राने त्यांच्या जोडीला दहा मूल्यं आणली : वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, सर्वधर्मसहिष्णुता वगैरे. डी.एड. केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, यादी पाठ असते. पाठाच्या टाचणात 'गाभाघटक' आणि 'मूल्य' असे रकाने आले, आणि रकाना आला की तो भरला जातोच. 'वक्तशीरपणा' तर कुठल्याही धड्याला चालून जातो!

१९९९ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने सत्य, धर्म, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पंचसूत्री मांडली. त्यातून धर्मांची ओळख शाळेत करून द्यावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. धर्मांविषयी शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असा निकाल २००२ मध्ये लागला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शांततेचा वेगळा विषय न करता ती सगळ्या विषयांत मुरवा, अशी भूमिका घेतली.

गंमत म्हणजे या साऱ्या अहवालांच्या बाहेर पंगत परत आली होती. शाळेत शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला. २००४ मध्ये स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्या, असंही सांगितलं. हे आदेश भुकेच्या खटल्यातले. मूल्यशिक्षणाच्या चर्चेत त्यांचं नाव क्वचितच निघतं, मला मात्र यादीतल्या दहाही मूल्यांपेक्षा ते वजनदार वाटतात.

२००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू झालं. त्यामागे शांतिलाल मुथ्था. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणणारे. या उपक्रमाने आधार घेतला तो उद्देशिकेतल्या न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेचा, त्यामुळे धर्माचा पेच आपसूक टळला. भर उपदेशावर नाही, जोडीने आणि गटाने करायच्या कामांवर आहे. वर्गाचे नियमही मुलांनीच बसून ठरवायचे.

अडचण येते ती द्विशिक्षकी शाळेत. एकाच बाईंकडे दोन इयत्ता असल्या की गट सरमिसळच करावे लागतात. मग थोरली मुलं धाकट्यांना सांभाळून घेतात, त्यांची पेन्सिल शोधून देतात, आणि बोलायची वेळ आली की त्यांच्या वतीने स्वतःच बोलून मोकळी होतात.