तरुण शास्त्रज्ञांना मुत्सद्देगिरी कोण शिकवणार? मुंबईतली पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय कराराच्या मसुद्यात ज्या मजकुरावर देशांचं एकमत झालेलं नसतं, तो चौकटी कंसात ठेवतात. हे कंस काढण्यात कधी एक दुपार जाते, कधी वर्षं. विज्ञान मुत्सद्देगिरीच्या (सायन्स डिप्लोमसी), म्हणजे देशांमधल्या वाटाघाटींत विज्ञान वापरण्याच्या, प्रशिक्षणात तरुण संशोधकांच्या हाती असेच मसुदे देतात आणि त्यांना वेगवेगळ्या देशांची बाजू घेऊन भांडायला बसवतात. असे अभ्यासक्रम गेल्या दहा-पंधरा वर्षांतले. त्यांची गरज मात्र मुंबईने सव्वाशे वर्षांपूर्वीच सोसली आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे रुग्ण ओळखले. हा रोग सुएझमार्गे आपल्या दारात येईल, या धास्तीने युरोपातली राष्ट्रं १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषदेसाठी जमली. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांचं, मालाचं आणि हजला निघालेल्या यात्रेकरूंचं काय करायचं, हा तिथला प्रश्न होता. त्या वर्षी मुंबईहून हजला जाण्यावर बंदीच आली. नेमक्या त्याच दिवसांत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. माणूस ओडेसाचा ज्यू, काम केलेलं पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, आणि आता ब्रिटिश सरकारसाठी मुंबईत. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

इथे थोडं थांबायला हवं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी दाखवलं ते १८९८ मध्ये, म्हणजे व्हेनिसचे नियम ठरून गेल्यावर. विज्ञान अर्धवट हाती असताना राष्ट्रांनी निर्णय घेतले, आणि त्याची झळ लागली ती गिरणगावातल्या, डोंगरीतल्या माणसांना. पारतंत्र्यातल्या भारताची बाजू परिषदेत मांडायची ती राज्यकर्त्यांनीच. प्रयोगशाळेत काय कळलं आहे आणि काय अजून कळलेलं नाही, हे वाटाघाटींच्या टेबलावर नीट सांगू शकणारा आपला माणूस असणं किती मोलाचं, हे त्या वर्षाइतकं लख्ख क्वचितच दिसतं.

स्वातंत्र्यानंतर असा माणूस मुंबईतूनच निघाला. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते होमी भाभा. वय ४५. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकी आणि सोव्हिएत शास्त्रज्ञ तोवर गुप्त ठेवलेलं ज्ञान एकाच सभागृहात मांडत होते. पुढे व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरवतानाही भाभांनी भारताची बाजू हिरिरीने लढवली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर त्यांचं विमान कोसळलं, तेव्हा ते व्हिएन्नालाच निघाले होते.

त्या दशकातली मुंबई मला फार विलक्षण वाटते. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात १९५६ मध्ये सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीला इंधन ब्रिटनचं. १९६० मध्ये कार्यान्वित झालेली ‘सायरस’ अणुभट्टी कॅनडाची, त्यातलं जड पाणी अमेरिकेचं. आणि १९५८ मध्ये वरळीच्या सस्मिरा इमारतीत आयआयटीची पहिली तुकडी बसली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. एकमेकांकडे क्षेपणास्त्रं रोखून बसलेले दोन्ही गट एकाच शहरात यंत्रं आणि तज्ज्ञ पाठवत होते. हे आपोआप घडलं नाही. कोणीतरी पत्रं लिहिली, अटी वाचल्या, काही नाकारल्या.

१९५७ मध्ये ट्रॉम्बेत प्रशिक्षण शाळा सुरू झाली. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींना वर्षभर अणुविज्ञान आणि अभियांत्रिकी शिकवायची आणि मग कामाला लावायचं, ही तिची रीत. माझ्या मते भाभांनी उभं केलेलं हे सर्वांत टिकाऊ काम. वाटाघाटी मात्र वरिष्ठांच्या मागे बसून, त्यांच्या फायली वाहून शिकायच्या, असाच प्रघात राहिला.

त्या शिक्षणाची गरज १९७४ ला कडवटपणे जाणवली. ‘सायरस’च्या करारात शांततामय वापराची अट होती, पण आंतरराष्ट्रीय तपासणी नव्हती. १८ मे रोजी ‘सायरस’मधलं प्लुटोनियम वापरून पोखरणला अणुस्फोट झाला. भारत म्हणाला, स्फोट शांततामय आहे. कॅनडाला ते मान्य नव्हतं आणि त्याने अणुसहकार्य थांबवलं. पुढची तीन दशकं ट्रॉम्बेच्या संशोधकांना कित्येक गोष्टी बाहेरून मिळेनाशा झाल्या.

ही कोंडी फुटताना टेबलावर होते अनिल काकोडकर. रुपारेल कॉलेज, मग माटुंग्याची व्हीजेटीआय आणि त्यानंतर ट्रॉम्बेची प्रशिक्षण शाळा, असा अस्सल मुंबईचा रस्ता. जुलै २००५ मध्ये भारत-अमेरिका अणुसहकार्याची घोषणा झाली, तेव्हा ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. कोणत्या अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली द्यायच्या यावर खल सुरू असताना, फास्ट ब्रीडर, म्हणजे वापरतात त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या अणुभट्ट्यांचा, कार्यक्रम त्यातून बाहेरच राहिला पाहिजे, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. शेवटी २२ पैकी १४ अणुभट्ट्या तपासणीखाली गेल्या, ब्रीडर बाहेर राहिले आणि ६ सप्टेंबर २००८ रोजी अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली. कुठली अट तांत्रिकदृष्ट्या परवडेल आणि कुठली पुढच्या पिढीचे हात बांधेल, हे परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याला एकट्याने ठरवता आलं नसतं. पण प्रशिक्षण शाळा आणि हे टेबल यांच्यात चाळीस वर्षांचं अंतर होतं.

ते अंतर कमी करावं, हा विचार जगभर रुजला तो साधारण याच काळात. लंडनची रॉयल सोसायटी आणि अमेरिकेची विज्ञानप्रसार संघटना एएएएस यांनी २००९ मध्ये बैठक घेतली आणि २०१० च्या अहवालात या क्षेत्राची मांडणी केली. एएएएसने मग इटलीतल्या त्रिएस्तमध्ये, विकसनशील देशांच्या विज्ञान अकादमीबरोबर, २०१४ पासून अभ्यासक्रम चालवला. दिल्लीत आरआयएस या धोरण-संशोधन संस्थेने २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या आयटेक या प्रशिक्षण योजनेखाली इतर देशांतल्या अधिकाऱ्यांना आणि संशोधकांना हा विषय शिकवायला सुरुवात केली. २०२० मध्ये मंत्रालयाने नव्या तंत्रज्ञानांसाठी वेगळा विभागच काढला.

मुंबईत गरज वाढतेच आहे. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सहयोगी सदस्यत्वाचा करार याच शहरात झाला. त्यामुळे भारतीय तरुणांना तिथल्या ठरावीक मुदतीच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो, भारतीय उद्योगांना कंत्राटांसाठी बोली लावता येते. करार वाचता येणारे संशोधक नसतील तर या वाटा कागदावरच राहतात. टीआयएफआर ही मूलभूत संशोधन संस्था, पवईची आयआयटी, ट्रॉम्बे आणि कितीतरी देशांच्या वकिलाती एकाच शहरात आहेत, तेव्हा त्यासाठी दिल्लीला किंवा त्रिएस्तला जायची वाट का पाहायची? बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला अणुभट्टीचं भौतिकशास्त्र शिकवताना ‘सायरस’चा करार आणि नागरी आणि लष्करी अणुभट्ट्या वेगळ्या करणारी २००६ ची विभाजन योजना शेजारी ठेवून वाचायला द्यावी आणि त्यावर वर्गात वाटाघाटी करायला लावाव्यात, असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीला एका सत्रातले दहा तास दिले तरी चालतील.