पार्श्वभूमी: 'सहचर' पिकांचे तक्ते आले कुठून?

मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची अमेरिका खंडातली रीत युरोपीय तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीची. पण 'कोणाशेजारी काय लावावे' असे सांगणारे आजचे तक्ते फारसे त्या परंपरेतून आलेले नाहीत.

त्यांचा बराच भाग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जैवगतिक (बायोडायनॅमिक, म्हणजे रसायने टाळून ग्रह-ताऱ्यांचा प्रभाव मानणाऱ्या) शेतीच्या मंडळींकडून आला. झाडाचा रस कॉपर क्लोराइडच्या द्रावणात मिसळायचा, काचेच्या ताटलीत वाळू द्यायचा आणि स्फटिकांची नक्षी वाचायची. दोन रसांची नक्षी मिळून सुबक उमटली तर ती झाडे मित्र, विस्कटली तर शत्रू. कीड मोजण्याचा यात संबंधच नव्हता. पुढे बागकामाच्या लोकप्रिय पुस्तकांत जोड्या तेवढ्या उरल्या, त्यामागची पद्धत गळून पडली.

खरा घोळ 'सहचर' या शब्दातच आहे. कीड स्वतःकडे ओढणारे सापळा पीक, सावली देणारे आंतरपीक आणि वासाने कीड पळवणारे म्हणवले जाणारे झाड, सगळे त्यात कोंबले जाते. झेंडूचेच घ्या. तो शेजारच्या पिकाला किडीपासून वाचवतो म्हणतात. त्याच्या मुळांतले सूत्रकृमी (मुळांना उपद्रव देणारे सूक्ष्म जंत) मारणारे द्रव्य १९५८ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखले गेले, त्यामुळे दावा खोटा नाही. मात्र गुण येतो तो अख्ख्या वाफ्यात दोनेक महिने दाट झेंडू घेऊन मग तिथे भाजी लावली तर. याला सोबत कसली म्हणायची, ही सरळ फेरपालट झाली! टोमॅटोच्या कडेला लावलेली चार रोपे शोभेलाच.

मिश्र लागवड मात्र निष्फळ नाही. १९९१ च्या एका आढाव्यात पिके खाणाऱ्या २८७ कीटकजातींपैकी ५२ टक्के जाती मिश्र पिकांत कमी आढळल्या, १५ टक्के जास्त.

मिश्र पिकांत कीड कमी असण्याचे कारण वास असेल, असे बरीच वर्षे धरून चालले होते. कोबीच्या मुळांवरच्या माशीने त्याला धक्का दिला. ही माशी हिरवे दिसेल तिथे उतरते, पायांनी पान चाखते, उडते, पुन्हा उतरते. लागोपाठ काही पाने कोबीचीच लागली तर अंडी घालते. मध्ये परके पान आले की हिशेब बिघडतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत माशीला चुकवण्यात वासाची झाडे साध्या फुलझाडांपेक्षा सरस ठरली नाहीत. त्याआधीच्या प्रयोगांत तर कोबीभोवती हिरवा कागद लावला, तरी माशी चुकली होती.