उतरवलेली पॅकेज फाईल ठेवायची की उडवायची?

सॉफ्टवेअर इन्स्टॉल झाल्यावर ते ज्या फाईलीतून आलं त्या पॅकेज फाईलचं काय करायचं, हा वाद डायल-अपच्या काळातला आहे. १९९९ ला डेबियन २.१ (लिनक्सचा एक प्रकार) सोबत ॲप्ट हे पॅकेज उतरवून बसवणारं टूल आलं तेव्हा मोडेमवर एक एमबी उतरायलाच दोन-तीन मिनिटं जायची, मग एवढं करून आलेली डेब फाईल (डेबियनची पॅकेज फाईल) कोण फेकणार? त्यामुळे सगळ्या फाईली व्हार-कॅश या फोल्डरमध्ये साठत राहायच्या (कॅश म्हणजे उतरवलेल्या फाईलींचा साठा), अर्धवट उतरलेल्या पार्शियल नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे लाईन तुटली तर तिथूनच पुढे चालू. साफसफाई मात्र तुमची तुम्ही करायची, क्लीन किंवा ऑटोक्लीन ही कमांड मारून (ऑटोक्लीन जास्त शहाणं, सर्व्हरवर आता मिळतच नाहीत तेवढ्याच फाईली उडवतं).

आर्क लिनक्सचा पॅकमन (तिथलं ॲप्टसारखंच टूल) तर जुनी व्हर्जन्ससुद्धा ठेवतो. डिस्क भरते हे खरंय, पण अपडेटनंतर ग्राफिक्स गंडलं आणि नेटही नाही, अशा वेळी त्याच जुन्या फाईलीवरून मागं येता येतं, त्यामुळे मला तरी हे पटतं. जागा हवी असेल तर पॅककॅश हा साफसफाईचा प्रोग्रॅम चालवा, तो शेवटची ३ व्हर्जन्स सोडून बाकीची काढतो.

मग नेट स्वस्त झालं आणि कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा) आले, आणि सगळं उलटं झालं. डॉकर या कंटेनरच्या टूलमध्ये इमेज (कंटेनरचा साचा) तयार करताना प्रत्येक रन कमांडचा वेगळा लेयर म्हणजे थर बनतो, म्हणजे एका रनमध्ये इन्स्टॉल आणि पुढच्या रनमध्ये कॅश डिलीट केली तर इमेज एक केबीनेही कमी होत नाही, फाईल खालच्या लेयरमध्ये तशीच पडून असते. २०१६ मध्ये ॲप्ट १.२ ने इन्स्टॉलनंतर फाईली आपोआप उडवायला सुरुवात केली, पण फक्त नुसत्या ॲप्ट कमांडने, जुनं ॲप्ट-गेट (त्याच टूलची आधीची कमांड) अजून ठेवतंच, कारण लोकांच्या स्क्रिप्ट त्यावर उभ्या आहेत.

पण माझ्या मते ठेवायचं की उडवायचं यापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे ठेवलेल्या फाईलीवर भरवसा कसा ठेवायचा. जुन्या एनपीएममध्ये (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं टूल) कॅश बिघडायची आणि काहीही अडलं की पहिला सल्ला एकच, कॅश क्लीन कर. २०१७ च्या एनपीएम ५ मध्ये फाईल तिच्या हॅशवरून (मजकुरावरून काढलेला, ठशासारखा कोड) साठवायला लागले, वाचताना हॅश जुळला नाही तर ती नाहीच असं धरून नवीन उतरवतात. त्यामुळे कॅश क्लीन आता फोर्स (जबरदस्तीचा पर्याय) लावल्याशिवाय चालतच नाही. लोक काय, फोर्स लावून चालवतातच.