लर्नर ऑटोनॉमी आणि इंग्रजीतलं अकॅडमिक रायटिंग

लर्नर ऑटोनॉमी (अध्ययन-स्वायत्तता) म्हणजे काय शिकायचं, कसं शिकायचं आणि ते जमलं की नाही हे कशावरून ठरवायचं, याची सूत्रं शिकणाऱ्याने स्वतःच्या हातात घेणं. भाषाशिक्षणात ही कल्पना रुजली ती फ्रान्समधल्या नान्सी विद्यापीठाच्या क्रापेल या भाषाशिक्षणाच्या संशोधन केंद्रामुळे, आणि तिथल्या आन्री होलेक यांनी १९७९ साली युरोप परिषदेसाठी केलेल्या अहवालातली व्याख्या आजही सगळे वापरतात. साधारण त्याच काळात डेन्मार्कमध्ये लेनी डाम शाळेतल्या मुलांकडून इंग्रजीच्या तासाला लॉगबुक लिहून घेत होत्या, म्हणजे आज काय केलं, काय अडलं, उद्या काय करणार हे मुलांनीच लिहायचं.

बऱ्याच जणांना वाटतं की ऑटोनॉमी म्हणजे एकट्याने बसून शिकणं, सर-मॅडमची गरजच नाही. तसं काही नाहीये. याच विषयाचे अभ्यासक डेव्हिड लिटल यांनी १९९१ मध्येच हा गैरसमज खोडून काढलाय, शिक्षक लागतोच, फक्त प्रत्येक निर्णय त्याने घ्यायचा नाही.

इंग्रजीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत याची खरी परीक्षा होते लिहिताना. एखादी मुलगी निबंधात 'डिस्कस अबाउट' लिहिते, मॅडम लाल पेनने 'अबाउट' खोडतात, ती निमूटपणे फेअर कॉपी करते आणि पुढच्या निबंधात 'मेन्शन अबाउट' लिहून मोकळी होते! चूक तीच, फक्त क्रियापद बदललं, कारण दुरुस्ती मॅडमनी केली, हिने नुसती उतरवली. तिने वहीच्या मागच्या पानावर अशा, म्हणजे पुढे 'अबाउट' न लागणाऱ्या, क्रियापदांची यादी ठेवली आणि द्यायच्या आधी एकदा फक्त तेवढ्यासाठीच ड्राफ्ट वाचला तर ती ऑटोनॉमी, दिसायला अगदी किरकोळ असली तरी.

विल्यम लिटलवुड या अभ्यासकांनी १९९९ मध्ये ऑटोनॉमीचे दोन प्रकार सांगितले, प्रोअॅक्टिव्ह म्हणजे दिशाही आपणच ठरवायची, आणि रिअॅक्टिव्ह म्हणजे दिशा दुसऱ्याने दिली तरी पुढची आखणी आपली. अकॅडमिक रायटिंग, म्हणजे अभ्यासातलं निबंध-शोधनिबंधांचं लेखन, बरंचसं दुसऱ्या प्रकारात बसतं असं म्हणायला हरकत नाही, कारण विषय, शब्दमर्यादा, संदर्भ द्यायची पद्धत सगळं वरून ठरून येतं, पण मुद्दा काय मांडायचा, कुठला पुरावा घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे तरी लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं ना. तिथे हात आखडला की मग मूळ लेखातलं वाक्य घेऊन दोन-चार शब्द बदलायचे असं सुरू होतं, ज्याला लेखनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी पॅचरायटिंग म्हटलं. त्यांच्या मते ही दरवेळी चोरी नसते, नवख्या माणसाची ती शिकण्यातली एक पायरीही असू शकते, आणि ते पटतं.

वर्गात ऑटोनॉमी यावी म्हणून पोर्टफोलिओ (आपल्या लेखनाचा जपलेला संग्रह), एकमेकांचे ड्राफ्ट वाचणं, स्वतःच मार्क देऊन बघणं वगैरे चालतं. मार्कांचं तेवढं सांभाळून, कारण निकष आधी नीट समजलेले नसतील तर तो नुसता अंदाजपंचे कारभार होतो.

लिहिण्याच्या नियमांचंही तसंच, नीट समजून घेऊन ठरवायचं. 'आय' वापरायचा नाही असं सरसकट सांगतात, पण प्रत्यक्षात ते विषयागणिक बदलतं, अशा वेळी आपल्याच विषयातले पाच-सहा शोधनिबंध उघडून लेखक स्वतःबद्दल कसं लिहितात ते मोजून बघायचं आणि मग ठरवायचं.