हवेच्या विटा: भार नेमका पेलतं कोण?

हवा भरायच्या कापडी ठोकळ्यांना पंप लावला आणि काही मिनिटांत भिंत उभी! असे व्हिडिओ पाहिले की माणसांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, विटा-सिमेंटची सद्दी संपली. दुसरा म्हणतो, टाचणी लागली की फट्! दुसऱ्या गटाची शंका आधी मिटवू. फुग्याचं रबर कित्येक पट ताणलेलं असतं, म्हणून बारीकशी चीरही क्षणात इकडून तिकडे धावते. या ठोकळ्यांना सहसा पॉलिएस्टरचं, पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड वापरतात. ते फारसं ताणलं जात नाही आणि विणीतले धागे चीर अडवतात. छिद्रातून हवा सावकाश निघते. एक ठोकळा बसला तरी शेजारचे फुगलेलेच राहतात.

पहिल्या गटासाठी मात्र जरा खोलात जावं लागेल.

कापड ओढता येतं, दाबता येत नाही. दाबलं की घडी पडते. मग कापडी खांबाने वजन पेलायचं कसं? युक्ती अशी, की आत हवा भरून कापड आधीच ताणून ठेवायचं. खांब वाकला की एका अंगाचा ताण वाढतो, दुसऱ्या अंगाचा कमी होतो. तो शून्यावर येईपर्यंत कापड दाबलं जातच नाही. शून्य झाला की पहिली सुरकुती, आणि तिथून पुढे खांबाचा भरवसा नाही.

२० सेंमी व्यासाची, २ मीटर लांबीची नळी एका टोकाला घट्ट धरा. आतला दाब बाहेरच्यापेक्षा १० किलोपास्कल जास्त, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम दहावा हिस्सा. मोकळ्या टोकाला ८०० ग्रॅम टांगले, की धरलेल्या टोकापाशी खालच्या अंगाला सुरकुती येते. एवढंच? थांबा. ही ताकद त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास दुप्पट करा, त्याच दाबाला नळी ६ किलोहून जास्त पेलेल. अर्थात फुकट नाही. कापडावरचा ताणही दुप्पट होतो.

पण भिंतीला सपाट ठोकळे लागतात, आणि हवा तर प्रत्येक पिशवीला गोल करू पाहते. १० किलोपास्कल म्हणजे चौरस मीटरला सुमारे एक टन वजनाइतका जोर! म्हणून समोरासमोरची दोन कापडं आतून हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधून विणतात. दर सेंटिमीटरला एक धागा धरला तर चौरस मीटरमध्ये १०,००० धागे, आणि प्रत्येकाच्या वाट्याला फक्त १०० ग्रॅम. गुडइयर कंपनीने १९५६ मध्ये याच विणीचे पंख असलेलं, हवा भरून उडवायचं विमान बनवलं होतं. त्यामुळे 'क्रांतिकारी नवा शोध' वगैरे जाहिरातीपुरतं ठीक.

जाहिरातीत न येणारी गोष्ट म्हणजे ऊन. बंद ठोकळ्यात २० अंशांना १० किलोपास्कल जादा दाब भरला आणि आतली हवा ५० अंशांवर गेली, तर एकूण दाब साधारण दहा टक्केच वाढतो. पण एकूण म्हणजे वातावरणाचे १०१ धरून १११. त्याचे दहा टक्के ११. कापडाला सोसावा लागणारा जादा दाब १० वरून थेट २१! पहाटे पारा ५ अंशांवर उतरला की तोच ४ च्या आसपास, म्हणजे ताकद निम्म्याहून कमी. म्हणून जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि भर घालणारा पंप कायम जोडीला हवा. दुसरी गोष्ट वारा. ताशी १०८ किमीचा वारा चौरस मीटरला ५५ किलोचा जोर लावू शकतो. विटेची भिंत स्वतःच्या वजनाने जागेवर राहते. हवेच्या भिंतीला जमिनीत अँकर ठोकूनच बांधावं लागतं, आणि तो खर्च 'स्वस्त'च्या हिशेबात सहसा धरलेला नसतो.

मला जास्त पटतो तो इटलीचे वास्तुविशारद दान्ते बिनी यांचा मार्ग. १९६४ मध्ये त्यांनी जमिनीवर पसरलेल्या पडद्यावर लोखंड आणि ओलं काँक्रीट घालून खालून हवा भरली, आणि काही तासांत घुमट उभा केला. १० सेंमी जाडीचं काँक्रीट चौरस मीटरला २४० किलोच्या आसपास भरतं; तेवढं तोलायला अडीच किलोपास्कल पुरतात. काँक्रीट घट्ट झालं की हवा सोडायची आणि पडदा पुढच्या घुमटाला न्यायचा.