रेड डॉट हलते म्हणून स्क्रू आणखी कसण्याआधी

आमच्या एअरगनच्या दुकानात काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “साइट हलतेय हो, जरा दाबून कसून द्या.” साइट म्हणजे रेड डॉट, नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारं पिस्तुलावरचं उपकरण. पिस्तूल हातात घेऊन पाहावं, तर साइट घरी आधीच दोन-तीनदा दाबून कसलेली असते. स्क्रूच्या डोक्यातली षटकोनी खाच गोल झालेली, नाहीतर डोकं तुटून कागदाच्या पुडीत आणि बाकीचा स्क्रू माउंटमध्ये, म्हणजे साइटच्या बैठकीतच. तो बाहेर काढायला आमचा अर्धा दिवस जातो आणि पैसे तुमचे जातात. म्हणून हे पत्रक.

सैल झालेला स्क्रू कमी कसला होता म्हणून सैल झाला, असं क्वचितच असतं. कसताना स्क्रू किंचित ताणला जातो आणि परत आखडू पाहतो. त्या ओढीनेच साइट माउंटवर दाबून बसते. तुम्ही कीला, म्हणजे स्क्रू फिरवायच्या षटकोनी चावीला, जो जोर देता, त्यातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जिरतो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि खरा ताण येतो तो उरलेल्या १० टक्क्यांतून. आट्यांत तेल असलं की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात ताण बराच जास्त येतो. मग लोक म्हणतात, “नेहमीइतकाच कसला होता, तरी तुटला.” तुटला नाही तर तेच तेल त्याला दर धक्क्याला थोडं थोडं उलटं फिरू देतं. पिस्तुलाला आपण तेल लावतो ते ठीकच आहे, पण साइटच्या स्क्रूंना ते नको.

तेव्हा साइट हलायला लागली की कसू नका, उघडा. आधी मॅगझिन किंवा गॅसची कुपी काढून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा. स्क्रू, भोकं आणि साइटचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. जुन्या थ्रेडलॉकचा (स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून आट्यांना लावतात त्या द्रवाचा) चुरा आट्यांत राहिला असेल तर दाताच्या ब्रशने काढा. मग निळ्या थ्रेडलॉकचा एक छोटा थेंब, तोही फक्त आट्यांवर. जांभळं मिळालं तर आणखी बरं, ते बारीक स्क्रूंसाठीच असतं. लाल थ्रेडलॉक मात्र घरात ठेवूच नका. ते सोडवायला २५० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि तेवढ्या आचेत साइटचं इलेक्ट्रॉनिक्स उरत नाही. फेवीक्विकही नको, ते धक्क्याने तडकतं. नेलपॉलिशचा उपयोग आहे, पण चिकटवायला नाही. कसून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला, एवढं एका नजरेत कळतं.

किती कसायचं? तुमच्या साइटच्या माहितीपुस्तिकेतला आकडा अंतिम. अशा छोट्या रेड डॉट (रिफ्लेक्स) साइटना बहुतेक वेळा १२ ते १५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे १.४ ते १.७ न्यूटन-मीटर सांगितलेलं असतं. पाच सेंटिमीटरच्या एल-कीच्या टोकाला हा जेमतेम तीन किलोचा जोर झाला. कीवर पाइप चढवून लांबी तिप्पट केली की हाताला तेवढंच वाटतं आणि स्क्रूवर तिप्पट पडतं. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे घ्या. ठरलेल्या जोरापर्यंतच कसणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर आमच्याकडे विकायला आहे, पण एकाच साइटसाठी तो घ्या असं आम्ही सांगणार नाही. दुकानात आणा, आम्ही कसून देतो.

इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेले स्क्रू हा वेगळाच विषय. बाहेरून आलेल्या पुष्कळ माउंटांना ६-३२ चे आटे असतात, जाडी साडेतीन मिलिमीटर आणि इंचाला ३२ आटे. त्यात मेट्रिक स्क्रू दोन फेरे जातो, मग अडतो, आणि नेमका तिथेच माणूस जोर लावतो. माउंट ॲल्युमिनियमचा असेल तर आटे तिथेच संपले. लांबीचंही तसंच: स्क्रू लांब असेल तर भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, साइट मात्र डुलतच राहते.

स्प्रिंगच्या पिस्तुलात धक्का दोन्हीकडून बसतो, आधी मागे आणि पिस्टन थांबला की पुढे. ११ मिलिमीटरच्या डव्हटेलवर (माउंट पकडतो त्या पिस्तुलावरच्या खाचांवर) माउंट सरकत असेल तर तिथे जोर नाही, सरकणं अडवणारी स्टॉप-पिन हवी. आमचे स्प्रिंग पिस्तुलाचे माउंट पिनवाले असतात. थोडे महाग पडतात, पण सरकले म्हणून परत येत नाहीत.

“पाच मिनिटांच्या कामाला पिस्तूल रात्रभर का ठेवता?” हे आम्ही रोज ऐकतो. थ्रेडलॉक काही मिनिटांत धरतं, पण पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. संध्याकाळी बसवून त्याच रात्री गच्चीवर डबे पाडायला घेतलं की बंध कच्चाच मोडतो. आमच्याकडून घेतलेल्या साइटचं फिटिंग आणि पहिली तपासणी मोफत. बाहेरून आणलेलीही बसवतो, फक्त तिचे मूळ स्क्रू पुडीसकट आणा.

दोन गोष्टी विकण्याआधीच सांगितलेल्या बऱ्या. १० मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धेत फक्त उघडी साइट चालते, रेड डॉट नाही. मुलगा-मुलगी स्पर्धेची तयारी करत असतील तर हा खर्च आत्ता करू नका. आणि आम्ही फक्त एअरगनचं काम करतो. परवान्याच्या पिस्तुलासाठी परवानाधारक शस्त्र-दुरुस्तीवाल्याकडेच जा.

खाच अर्धी गेलेली दिसली तर की पुन्हा घालून पाहू नका, तशीच घेऊन या. अर्धी खाच असेपर्यंत स्क्रू दहा मिनिटांत निघतो.